माझा विमा नाकारला जातो

माणसाने स्वतःच्या मरणाची तयारी करायला घेऊ नये, असं माझं आता ठाम मत झालं आहे. मरायला हरकत नाही. ते सगळ्यांनाच जमतं. तयारी जमत नाही. तयारीला दोन फोटो लागतात, वयाचा दाखला लागतो, रक्त लागतं आणि शेजारी लागतात. त्यातले शेजारी न मागता मिळतात.

हे सगळं सुरू झालं आमच्या ऑफिसातल्या घड्याळामुळे. घड्याळ म्हणजे माझ्या शेजारच्या टेबलावरचा सहकारी. एकोणीस वर्षं तो दहाला दोन मिनिटं कमी असताना खुर्चीत येऊन बसायचा, म्हणून हे नाव. एका मंगळवारी साडेदहा झाले तरी खुर्ची रिकामी. साहेब म्हणाले, "आज घड्याळ बंद पडलं वाटतं," आणि आम्ही सगळे हसलो. मीही हसलो. अकरा वाजता फोन आला. सकाळी दाढी करता करता तो गेला होता. अठ्ठेचाळीस वर्षांचा होता. त्यानंतर त्या ऑफिसात कोणी कोणाला टोपणनावाने हाक मारलेली मी ऐकली नाही.

आमचं ऑफिस वजनमापांचं. दुकानदारांचे काटे तपासायचे, बरोबर असले तर शिक्का मारायचा, नसले तर नापास करायचे. गेली बावीस वर्षं मी हेच करतो आहे. गावातला निम्मा बाजार मला पाहून नमस्कार करतो आणि उरलेला निम्मा मागच्या दाराने निघून जातो. हे सांगायचं कारण, पुढे माझ्यावर जी वेळ आली ती कोणत्या योग्यतेच्या माणसावर आली हे वाचकांना कळावं.

तर चौथ्या दिवशी घड्याळाच्या खणातल्या वस्तू त्याच्या घरी पोचवायचं काम माझ्याकडे आलं. एक चष्मा, सर्दीच्या गोळ्या, डबा बांधायचं फडकं, आणि सगळ्यात खाली विम्याचा एक फॉर्म. तीन वर्षांपूर्वीची तारीख. नाव लिहिलेलं, पत्ता लिहिलेला, उंची लिहिलेली. वजनाच्या रकान्यापाशी गाडी थांबलेली. वजनमापांच्या ऑफिसात, खुर्चीपासून तीन पावलांवर चार प्रमाणित काटे असताना, या माणसाला तीन वर्षांत स्वतःचं वजन करायला सवड झाली नव्हती. मला आधी त्याचा रागच आला.

त्याची बायको दारातच म्हणाली, "भावजी, विमा होता ना त्यांचा? मला म्हणाले होते, फॉर्म आणलाय म्हणून."

फॉर्म माझ्या पिशवीत होता. मी तिला चष्मा दिला, गोळ्या दिल्या, फडकं दिलं. फॉर्म दिला नाही. "चौकशी करतो," असं म्हणालो. नजर चुकवायची कला मी दुकानदारांकडून शिकलो आहे. पुढच्या महिन्यात त्यांनी मोठं घर सोडलं आणि त्यांची मोठी मुलगी कॉलेज सोडून औषधाच्या दुकानात काउंटरमागे उभी राहिली. त्या दुकानाच्या दारातला वजनाचा काटा माझ्याच हद्दीत येतो.

तो फॉर्म पिशवीत तसाच घेऊन त्या संध्याकाळी मी घरी आलो आणि बाहेरच्या खोलीत बायकोच्या गणिताच्या शिकवणीला बसलेल्या सहा पोरांसमोर जाहीर केलं, "मी विमा काढतोय."

"कशाचा?" बायकोने खडू न थांबवता विचारलं.

"माझा."

"बरं वाटत नाहीये का?"

आतल्या खोलीतून आईचा आवाज आला, "कोण गेलं?" आई मांडीचं हाड मोडल्यापासून दोन वर्षं अंथरुणावर आहे, आणि घरात कोणी जरा गंभीर आवाजात बोललं की तिला कोणीतरी गेल्यासारखं वाटतं. या वेळी ती खरं तर फारशी चुकली नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी वरच्या मजल्यावरचे सर्वज्ञ खाली आले. हे निवृत्त हेडमास्तर आहेत. त्यांना जिन्यात गाठून जगातली कुठलीही गोष्ट विचारावी. किंवा न विचारावी, फरक पडत नाही.

"कुठली घेताय?" त्यांनी विचारलं.

"टर्म पॉलिसी. ठरावीक वर्षांत मी गेलो तर घरच्यांना मोठी रक्कम."

"आणि नाही गेलात तर?"

"तर काही नाही."

"काहीच नाही?" सर्वज्ञांनी कठडा धरला. "म्हणजे जगलात तर पैसे बुडाले! अहो, बुद्धिमान माणूस असला व्यवहार करतो का?"

मला हा मुद्दा बिनतोड वाटला. पुढचे दोन दिवस मी जिवंत राहण्यातलं नुकसान या विषयावर ऑफिसात बोलत होतो. समोरच्या दारातल्या काकूंचं म्हणणं वेगळं. त्यांच्या मावसभावाने विमा काढला आणि बाराव्या दिवशी त्याच्या अंगावर भिंत पडली. "उगाच आठवण करून देऊ नये," काकू म्हणाल्या. कोणाला आठवण, ते त्यांनी सांगितलं नाही.

रविवारी एजंटबाई आल्या. मला वाटलं होतं, गोड बोलणारं, बिस्किटं खाणारं माणूस येईल. या बाईंनी चहासुद्धा अर्धा ठेवला. मी त्यांच्यासमोर सर्वज्ञांचा मुद्दा मोठ्या रुबाबात मांडला.

"तुमच्या ऑफिसला रात्रीचा पहारेकरी आहे?" त्यांनी विचारलं.

"आहे."

"चोरी झाली कधी?"

"कधीच नाही."

"मग त्याचा पगार परत मागता का? हे बघा, मला तुमच्या मरणाबद्दल बोलायचंच नाही. तुम्ही गेल्यावर जी पहिली एक तारीख येईल, तिच्याबद्दल बोलायचंय. त्या दिवशी पगार येणार नाही. घरमालक येईल, दूधवाला येईल, आईंची औषधं संपलेली असतील. मुलगी किती वर्षांची?"

"बारा."

"म्हणजे तिचं शिकून होईपर्यंत दहा-अकरा वर्षं. तेवढी वर्षं घर चालेल इतकी रक्कम हवी. यापेक्षा जास्त यात समजण्यासारखं काही नाही. माणसं उगाच तीन तीन वर्षं समजून घेत बसतात."

बाईंनी फॉर्म उघडला. नाव, पत्ता, उंची झाली. वजन मी आदल्या दिवशी ऑफिसातल्या प्रमाणित काट्यावर करून आणलं होतं आणि ते ग्रॅमपर्यंत सांगितलं. मग बाईंनी विचारलं, "सिगारेट?"

खोलीत बायको होती, मुलगी होती, दार उघडं असल्यामुळे आई होती आणि जिन्यात बहुधा सर्वज्ञ होते. दुपारी डबा खाल्ल्यावर घड्याळ आणि मी ऑफिसच्या मागे जाऊन एकेक सिगारेट ओढायचो; संध्याकाळी निघताना आणखी एकेक. पंधरा वर्षांत घरी कोणाला पत्ता लागू दिला नव्हता. "छे छे," मी म्हणालो.

"नीट आठवून सांगा. खोटं लिहिलंत तर कंपनी काही बोलणार नाही. हप्ते घेत राहील. बोलेल ती नंतर, तुमच्या मिसेस पैसे मागायला जातील तेव्हा. आणि तेव्हा उत्तर द्यायला तुम्ही नसाल."

"सांगितलं ना, नाही म्हणून!" मी जरा चढ्या आवाजात म्हणालो. वजनात एक ग्रॅमचीही लबाडी न खपवणाऱ्या माणसावर संशय!

बाई गेल्यावर सर्वज्ञांनी मला धीर दिला. "लिहिलंत ते उत्तम केलंत. कोण बघतंय?" नेमक्या त्याच वाक्याने माझं डोकं ठिकाणावर आलं. हे वाक्य मी बावीस वर्षं काट्याखाली खडा चिकटवणाऱ्या दुकानदारांच्या तोंडून ऐकत आलो आहे. सोमवारी मी ऑफिसच्या मागे उभा राहून, एकटाच सिगारेट ओढत, एजंटबाईंना फोन केला. त्यांनी नवा फॉर्म भरून सहीसाठी घरी पाठवला आणि अर्थातच तो बायकोने उघडला.

"रोज दोन लिहिलंय इथे," ती म्हणाली. मी खाली मान घालून उभा. "मला वाटत होतं चार तरी असतील." आणि ती आईला कुशीवर वळवायला आत निघून गेली. पंधरा वर्षं मी लवंग चघळत घरी आलो, त्याचा हिशेब कोणाकडे मागायचा?

त्याच फॉर्ममध्ये वडिलांचं मृत्यूसमयीचं वय आणि कारण असा रकाना होता. वय एकोणपन्नास. कारण आईने आतून सांगितलं, "छातीत दुखलं. अर्ध्या तासात आटोपलं." मी सत्तेचाळीस वर्षांचा आहे. हा आकडा मी रोज कुठे ना कुठे लिहितो, पण वडिलांच्या आकड्याखाली तो मी प्रथमच लिहीत होतो. मग कंपनीने मला तपासणीला पाठवलं.

तपासणी केंद्रात रक्त घेतलं, लघवी घेतली, छातीला तारा लावल्या आणि एका फिरत्या पट्ट्यावर चालायला सांगितलं. मी ऑफिसचे बूट घालून गेलो होतो. शेजारच्या पट्ट्यावर साठीच्या एक बाई मजेत चालत होत्या, आणि मला वाटतं सगळा घोटाळा तिथेच झाला. मी त्यांच्या बरोबरीने चालायला गेलो. तिसऱ्या मिनिटाला पट्ट्याने वेग घेतला. चौथ्या मिनिटाला तंत्रज्ञ म्हणाला, "काका, थांबा." मी थांबलो नाही, अब्रूचा प्रश्न होता. "काका, थांबा!" तो ओरडला आणि त्याने यंत्रच बंद केलं. मग खुर्ची आली, पाणी आलं, आणि ज्यांची वेळ मिळायला आठ दिवस थांबावं लागतं ते डॉक्टर धावत आले. डॉक्टर धावत येतात तेव्हा मोठा मान मिळाला असं समजू नये.

पुढे मोठी तपासणी झाली. हृदयाच्या दोन रक्तवाहिन्या अरुंद झाल्या होत्या. सध्या गोळ्या, सिगारेट बंद, जड उचलायचं नाही, सहा महिन्यांनी पुन्हा पाहू. डॉक्टर म्हणाले, "नशीब, विम्याच्या निमित्ताने आलात." बायकोने त्या दिवशी शिकवणी रद्द केली. तिने शिकवणी रद्द केलेली मी याआधी एकदाच पाहिली होती, आई पडली त्या दिवशी. मी मात्र अजून ताठ होतो, कारण मला वाटत होतं, आता तर पॉलिसी मिळायलाच हवी. आता तिची खरी गरज आहे.

तीन आठवड्यांनी पत्र आलं. 'सादर केलेल्या वैद्यकीय माहितीच्या आधारे आपला प्रस्ताव तूर्त स्वीकारता येत नाही, हे कळवण्यास खेद वाटतो. दोन वर्षांनंतर पुन्हा अर्ज करता येईल.' म्हणजे दोन वर्षं जगून दाखवा, मग मरायची परवानगी देऊ. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी अर्ध्या दिवसाची रजा टाकून कंपनीच्या शाखेत गेलो. खिडकी क्रमांक दोनवरून चारवर, चारवरून परत दोनवर, मग जेवणाची सुट्टी. शेवटी चारवरच्या मुलीने पत्र वाचून माझ्याकडे पाहिलं.

"नाकारलंय, सर."

"ते मला वाचता येतं. पण मी तुमच्यासमोर धडधाकट उभा आहे!"

"आत्ता आहात," ती म्हणाली. तिच्या बोलण्यात वाकडं काही नव्हतं. तिने मला बसायला खुर्ची दिली आणि ती मला घ्यावी लागली.

मी आयुष्यभर दुसऱ्यांचे काटे नापास केले. दुकानदार गयावया करतात, "साहेब, कालपर्यंत बरोबर होता," आणि मी पुस्तकात लिहितो. त्या खुर्चीत बसून मीही तेच म्हणत होतो. कालपर्यंत बरोबर होतं.

बातमी इमारतीत पसरायला जिना पुरला. सर्वज्ञ माझ्याशी हळू आवाजात बोलू लागले. काकू रोज सकाळी दार किलकिलं करून मी ऑफिसला निघालो का ते पाहायच्या आणि निघालेला दिसलो की "बरं बरं" म्हणून दार लावायच्या. ऑफिसात साहेबांनी मला बाहेरच्या फेऱ्यांतून काढून टेबलावर बसवलं. कुठलं टेबल, तर खिडकीजवळ हवा चांगली येते म्हणून घड्याळाचं. मी नको म्हणालो. त्यांना वाटलं, मी संकोच करतोय.

घरात आईला उचलायचं काम आता एकट्या बायकोवर पडलं. पूर्वी सकाळ-संध्याकाळ आम्ही दोघं मिळून तिला खुर्चीत बसवायचो. आता मी दाराशी हात बांधून उभा राहतो आणि बायको आईच्या काखेत हात घालून, ओठ घट्ट मिटून, तिला उठवते. आई माझ्याकडे बघून म्हणते, "तू जा रे बाहेर." त्या वेळी मला जे वाटतं ते मी कोणाला सांगितलं नाही. लाज वाटते.

एजंटबाई पुन्हा आल्या, न बोलावता. मी त्यांना सरळ विचारलं, "दोन वर्षांपूर्वी आलो असतो तर?"

"मिळाली असती."

"मग आता आम्ही काय करायचं?"

"गोळ्या घ्या, पैसे साठवा, दोन वर्षांनी या." त्यांनी आतल्या खोलीकडे पाहिलं. "आणि घरात दुसरं कोण आहे, ते बघा."

"माझा काढा," बायको आतून म्हणाली. ती हात पुसत बाहेर आली. "माझा काढता येईल ना?"

मला हसूच आलं. "तुझा? तुला काय झालंय?"

"काही झालेलं नसतं तेव्हाच काढतात," एजंटबाई माझ्याकडे न बघता म्हणाल्या. "या नसतील तर घराला काय काय लागेल, ते लिहून काढा. म्हणजे रक्कम ठरेल."

मी विजेच्या जुन्या बिलाच्या पाठीवर लिहायला घेतलं. मला वाटलं, चार ओळींचं काम. आईला उचलायला बाई, दोन वेळा. रात्री तिच्याजवळ झोपायला कोणीतरी. स्वयंपाक. शिकवण्या, ज्यांच्यावर घरभाडं जातं. मुलीचा अभ्यास. मुलीला या वयात जे विचारायचं असतं आणि मला विचारता येत नाही, ते. माझ्या गोळ्यांच्या वेळा. बिलाची पाठ भरली. काट्याच्या भाषेत सांगायचं तर माझा बावीस वर्षांचा पगार एका बाजूला असूनही माझं पारडं वर गेलं होतं.

आईने आत हाक मारली, बायको गेली, म्हणून तिचा फॉर्म मीच भरायला घेतला. मी प्रश्न वाचायचो, ती आतून उत्तर द्यायची.

"नियमित औषध?"

"रक्तदाबाची गोळी."

"कधीपासून?"

"चार वर्षं झाली."

मी पेन खाली ठेवलं. "मला का नाही सांगितलंस?"

"तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही सर्वज्ञांना विचारायला गेला असता."

एजंटबाईंनी पहिल्यांदाच चहा पूर्ण प्यायला. मी गोळीचं नाव लिहिलं. पुढचा रकाना नॉमिनीचा होता. मी माझं नाव लिहिलं, नातं पती असं लिहिलं, आणि मग मला पुढे लिहिता येईना. तीन महिने मी स्वतःच्या मरणावर विनोद करत हिंडत होतो. ते सोपं होतं, कारण त्या विनोदात मी मेल्यावर मागे राहणारे दुसरे असायचे. या रकान्यात मागे राहणारा मी होतो. ती नसलेल्या घरात, ती नसल्याचे पैसे हातात घेऊन मी उभा होतो. मला फार भीती वाटली. मी म्हणालो, "मला नकोत हे पैसे."

"सगळे असंच म्हणतात," एजंटबाई म्हणाल्या. "पुढे लिहा. मुलीचंही नाव घाला."

बायकोच्या तपासणीला मी बरोबर गेलो. त्याच पट्ट्यावर ती चालत होती आणि काचेच्या बाहेर मी तिच्या चपला आणि चष्मा धरून उभा होतो. चौथं मिनिट गेलं. सातवं गेलं. ती घामाघूम झाली होती, पण तंत्रज्ञ मोबाइलकडे बघत होता, आणि त्याचं ते दुर्लक्ष पाहून मला रडू आलं. हप्ता थोडा वाढवून, पण पॉलिसी मिळाली.

कागद आले तेव्हा मी मुलीला कपाटाशी नेलं. हे कागद इथे, किल्ली इथे, एजंटबाईंचा नंबर दाराच्या आतल्या बाजूला चिकटवलेला. तिने नीट ऐकून घेतलं. बायकोची मुलगी आहे, ती वहीत लिहूनही घेते.

"ही आईची," ती म्हणाली. "आणि तुझी?"

"माझी नाही मिळाली."

"का?"

"मी नापास झालो."

तिला हसवायला म्हणालो होतो. ती हसली नाही. म्हणाली, "मग तू मरायचं नाहीस."

"बरं."

"माझं शिक्षण होईपर्यंत. म्हणजे अकरा वर्षं."

"बघतो."

"बघतो नाही, बाबा. हो म्हण."

मी हो म्हणालो. तिने वहीत लिहिलं, तारीख घातली आणि माझ्यापुढे पेन धरलं. मी सही केली, आणि तिने ती वही कपाटात आईच्या कागदांवर ठेवून किल्ली फिरवली.

हल्ली मी जिना चढताना प्रत्येक मजल्यावर थांबतो. कठड्याला धरून वीस आकडे मोजतो. दारं किलकिली होतात, सर्वज्ञ वरून वाकून बघतात. बघू देत.